दोन कोटेशनं बाजूला ठेव, आधी एका पावतीचा रस्ता काढ

पत्र: ताई नमस्कार. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका गावचा, बीसीए झालं आणि सध्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात काम पाहतो. सहाशेच्या आसपास सभासद आहेत, सोयाबीन, तूर, हरभरा घेतो. मागच्या सीझनला व्होल्टेज वाढून ऑफिसचा कॉम्प्युटर जळाला आणि पावत्यांचा, चुकाऱ्यांचा सगळा हिशोब गेला. घरोघरच्या कागदी पावत्या जमवून परत लिहावं लागलं, काही सभासदांसोबत वादही झाले. आता संचालक म्हणतात क्लाउडवर टाका. दोन कोटेशनं आली. एकात कुबरनेटीस, लोड बॅलन्सर, मल्टी-रीजन असं गंज काही आहे अन् महिन्याचा आकडा पाहून अध्यक्षांनी फाईलच बंद केली. दुसरा म्हणते सगळं एका सर्व्हरवर टाकून देतो, वर्षाचे एकदाच द्या, अकाउंट आमच्या नावावर राहील. सगळे मला म्हणतात तू शिकलेला आहेस, सांग कोणतं घ्यायचं. यूट्यूबवर क्लाउड आर्किटेक्चरचे व्हिडिओ पाहिले तर नुसती नावं पाठ होतात, समजत काही नाही. अन् आमच्याकडे नेटच अर्धा दिवस नसते, मग क्लाउडचा फायदा काय? शिवाय पुण्याची एक संस्था ऐंशी हजारात क्लाउडचा कोर्स करून नोकरी लावून देतो म्हणते, करू का?

उत्तर:

भाऊ, नावं पाठ होतात अन् समजत नाही यात तुझा काही दोष नाही, ते व्हिडिओच उलट्या टोकानं सुरू होतात, म्हणजे लोड बॅलन्सर म्हणजे काय, कंटेनर म्हणजे काय, अन् हे सगळं कोणाला काहून पायजे ते शेवटपर्यंत सांगतच नाही कोणी. तू असं कर, एक कोरा कागद घे आणि तुमच्या काट्यावर वजन झाल्यापासून सभासदाच्या खात्यात चुकारा पडेपर्यंत एक पावती कुठून कुठं जाते ते काढ, आणि वाटेत जिथं जिथं ती थांबते तिथं लिही की हे बंद पडलं तर काय होईल. आर्किटेक्चर आर्किटेक्चर म्हणतात ते हेच आहे. मोठमोठ्या कंपन्यांतले लोकंही बोर्डावर डबे अन् बाण काढून हाच प्रश्न विचारत बसतात, त्यांचे डबे जास्त असतात एवढंच.

आता क्लाउड म्हणजे काय ते पटकन सांगते, कारण तिथं अडून बसायचं काम नाही. कुठल्यातरी इमारतीत हजारो खरेखुरे कॉम्प्युटर ठेवलेले आहेत, त्यांना दोन-दोन ठिकाणची लाईट, जनरेटर, कूलिंग आहे, आणि त्यांचा तुकडा तू नेटवरून भाड्यानं घेतो. एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरनं तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला वाटते आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अमेझॉननं २००६ मध्ये आधी एस-थ्री म्हणजे फायली ठेवायची सेवा आणि त्याच वर्षी ईसी-टू म्हणजे भाड्याचे सर्व्हर काढले, तिथून हे आजच्या रूपात सुरू झालं. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं २०११ मध्ये याची व्याख्या करून ठेवली आहे आणि ती मला आजही सगळ्यात साफ वाटते: कोणाला फोन न करता स्वतःच मागता आलं पायजे, नेटवरून पोचता आलं पायजे, एकाच साधनावर अनेक गिऱ्हाईक असतात, गरजेप्रमाणे झटकन वाढवता-कमी करता येते, अन् जेवढं वापरलं तेवढं मोजून बिल येते. तुला कोणी क्लाउड म्हणून काही विकत असेल तर या पाच गोष्टी लावून पाय, दुसऱ्या कोटेशनवाल्याचं वर्षाचं एकरकमी पॅकेज त्यातल्या दोन-तीनवर तिथंच अडकते.

हे कॉम्प्युटर फार लांब आहेत असंही नाही. अमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं आणि हैदराबादचं २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून आहे, गुगलचं मुंबईत २०१७ पासून अन् दिल्लीत २०२१ पासून. रीजन म्हणजे त्या शहराच्या आसपासचा डेटा सेंटरचा गट. कोटेशनात कोणतं रीजन लिहिलं आहे ते जरूर पाय, कारण काही जण दोन पैसे वाचतात म्हणून अमेरिकेतलं टाकून देतात, अन् मग फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटरला साधारण पाच मिलिसेकंद लागतात हा हिशोब कोणाच्या बापाला चुकत नाही, तिकडं जाऊन-येऊन प्रत्येक क्लिकला तेवढा उशीर. आपल्या सभासदांचे आधार अन् बँक खाते नंबर भारतात राहिलेले बरे, हेही आहेच.

आता पावतीच्या रस्त्यावर ये. काट्यावरचा पोरगा वजन, ओलावा, भाव टाकून सेव्ह दाबते. ब्राऊझर आधी डीएनएसला विचारते की या नावाचा पत्ता काय, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावावरून आयपी नंबर मिळते. मग त्या नंबरवर एचटीटीपीएसनं, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा रीतीनं ती पावती जाते. तिथं समोर ॲप्लिकेशन सर्व्हर असते, ते तपासते की हा पोरगा लॉगिन आहे का, वजन उणे तर नाही टाकलं, सभासद नंबर खरा आहे का. सगळं बरोबर असेल तर ते डेटाबेसमधे लिहिते. पावतीचा फोटो असला तर तो डेटाबेसमधे न कोंबता ऑब्जेक्ट स्टोअरेजमधे जाते, एस-थ्री त्याच जातीचं, तिथं फायली स्वस्तात अन् टिकाऊ राहतात. आणि सभासदाला एसएमएस पाठवायचा असेल तर ते काम सर्व्हर लगेच करत बसत नाही, ते क्यू नावाच्या रांगेत टाकून देते आणि मागून दुसरा प्रोग्राम निवांत एकेक पाठवत राहते, म्हणजे एसएमएसवाल्याचा सर्व्हर अडला तरी काट्यावरची पावती अडत नाही. झालं, डीएनएस, ॲप सर्व्हर, डेटाबेस, फायलींचं स्टोअरेज, क्यू. जगातल्या बहुतेक सिस्टीम याच पाच डब्यांच्या बनल्या आहेत, बाकीचे डबे हे यातल्या एखाद्याचा त्रास कमी करायला आलेले असतात.

लोड बॅलन्सरचंच घे. एका ॲप सर्व्हरला काम झेपेना म्हणून दोन-तीन लावले, तर आलेली विनंती कोणाकडं द्यायची हे ठरवणारं कोणीतरी समोर लागते, तेच लोड बॅलन्सर. ते सारखं तपासतही राहते की कोणता सर्व्हर जिवंत आहे, मेलेल्याकडं पाठवत नाही. पण यात एक मेख आहे जी तुला इंटरव्ह्यूतही कामी येईल: हे चालायचं असेल तर ॲप सर्व्हरनं स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. लॉगिनची माहिती, अर्धवट फॉर्म, अपलोड झालेली फाईल, काही म्हणजे काही नाही, सगळं मागं डेटाबेसमधे किंवा स्टोअरेजमधे. असा सर्व्हर कधीही मारून टाकता येते अन् त्याच्या जागी नवा उभा करता येते. याला स्टेटलेस म्हणतात, आणि माझ्या मते क्लाउडमधली सगळ्यात कामाची सवय हीच आहे, कारण एकदा ती लागली की सर्व्हर वाढवणं, बदलणं, दुसरीकडं नेणं हे सगळं सोपं होऊन जाते.

पण तुम्हाला आज लोड बॅलन्सर पायजे का? नाही. ऐन सोयाबीनच्या सीझनला दिवसाला दोनशे पावत्या धरल्या अन् दहा तास काटा चालला तरी तीन मिनिटाला एक पावती होते. एक-दोन जीबी रॅमचं लहानसं मशीनही त्यात बसून राहील. कुबरनेटीस तर त्याहून पुढची गोष्ट, शेकडो कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या साहित्यासकट बांधून ठेवलेले प्रोग्राम, अनेक मशीनवर कुठं कसे चालवायचे ते सांभाळायला गुगलनं २०१४ मध्ये ते बाहेर काढलं, ते चालवायलाच एक जाणकार माणूस पगारावर ठेवावा लागते. पहिल्या कोटेशनवाल्यानं एखाद्या मोठ्या दुकानाचा नकाशा उचलून तुमच्या नावावर टाकला आहे असं मला स्पष्ट दिसते. ते चुकीचं नाही, तुमचं नाही एवढंच.

आता ज्यावर मला तुझा जास्त वेळ घ्यायचा आहे ते. तुमचं दुखणं काय होतं? कॉम्प्युटर जळाला अन् हिशोब गेला. तर क्लाउडवर गेल्यानं ते दुखणं आपोआप जात नाही बरं. दुसऱ्या कोटेशनवाल्याचं एकच मशीन, त्यातच ॲप, त्यातच डेटाबेस, त्यातच बॅकअप, ही तुमच्या ऑफिसातल्या जळालेल्या कॉम्प्युटरचीच गोष्ट आहे, फक्त मुंबईत.

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत अन् लोकं त्यांची खिचडी करतात, चांगले शिकलेले लोकंही. एक आहे सेवा चालू राहणं, दुसरी आहे डेटा टिकणं.

चालू राहण्यासाठी अव्हेलेबिलिटी झोन असतात. गावात एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दोन मोटरी बसवल्या तर एक मोटर बिघडली तर दुसरी पाणी देईल, पण डीपीच जळाली तर दोन्ही बंद, पराटी वाळतेच. म्हणून दुसरी मोटर दुसऱ्या डीपीवर पायजे. झोन म्हणजे तशी वेगळी डीपी: एकाच रीजनमधे पण वेगळ्या इमारती, वेगळी लाईट, वेगळं नेटवर्क. अमेझॉनच्या हिशोबानं एका रीजनचे झोन एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत असतात, म्हणजे डेटा इकडून तिकडं लगेच जाते पण एक आग दोघांना लागत नाही. डेटाबेसची एक जिवंत प्रत दुसऱ्या झोनमधे ठेवली तर पहिला पडला की साधारण एक-दोन मिनिटात दुसरा काम हाती घेते. पैसे मात्र जवळपास दुप्पट.

तुम्हाला ते लागते का हे ठरवायला कंपन्यांच्या नऊ-नऊच्या आकड्यांचा अर्थ काढून पाय. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास बंद राहू शकते, ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. अन् एकामागं एक दोन गोष्टी असतील, ॲप सर्व्हर ९९.९ अन् डेटाबेस ९९.९, तर दोन्ही चालू असण्याचा आकडा ९९.८ वर येते, डबे वाढले की तो खाली जातो. आता तूच सांग, तुमच्याकडं लाईट अन् नेट वर्षात किती तास जाते? त्याच्यापुढं पावणेनऊ तास काहीच नाही. म्हणून सध्या दुसऱ्या झोनमधली जिवंत प्रत घेऊ नका, ते पैसे बॅकअपवर अन् ऑफलाईनवर घाला.

डेटा टिकण्याचं मात्र तसं नाही, तिथं कंजुषी करू नका. जिवंत प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून सगळ्या पावत्या डिलीट केल्या तर ते डिलीट क्षणात दुसऱ्या प्रतीतही पोचते, ती तर त्यासाठीच ठेवली असते, जे इकडं होईल ते तिकडं करायला. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, गेल्या आठवड्याची गोठवलेली प्रत, आणि ती अशा ठिकाणी की पहिल्या जागेला काही झालं तरी तिला धक्का नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक आख्खी इमारत खाक झाली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरला आग लागली, त्यात सरकारी कर्मचारी फायली ठेवत ती जी-ड्राइव्ह नावाची सेवा जळाली, ८५८ टेराबाइट, अन् बाहेर बॅकअप नव्हता. सांगायचं म्हणजे सरकारनं चालवलं, मोठ्या कंपनीनं चालवलं म्हणून बॅकअप असेलच असं धरून चालू नको, विचार, अन् दाखव म्हण.

तुमच्यासाठी मी असं करीन: डेटाबेस स्वतः मशीनवर न बसवता क्लाउडवाल्याचा मॅनेज्ड डेटाबेस, म्हणजे तेच सांभाळतात असा, घ्यायचा, त्यात रोजचा बॅकअप आपोआप होते, आणि अमेझॉनच्या आरडीएस नावाच्या अशा डेटाबेसमधे तर मागच्या ३५ दिवसांपर्यंत कोणत्याही वेळेला परत जाता येते, म्हणजे काल दुपारी सव्वातीनला जसं होतं तसं. पण यात एक खड्डा आहे, तो डेटाबेसच कोणी डिलीट केला अन् ते आपोआप झालेले बॅकअप ठेव असं सांगितलं नाही तर तेही जातात. म्हणून रात्री एक प्रत काढून दुसऱ्या रीजनच्या ऑब्जेक्ट स्टोअरेजमधे टाकायची, मुंबईचं हैदराबादला, तिथं व्हर्जनिंग चालू ठेवायचं, म्हणजे फाईल बदलली किंवा पुसली तरी जुनी प्रत राहते. अन् महिन्यातून एकदा एक प्रत हार्डडिस्कवर उतरवून, ती कुलूपबंद करून तुमच्या कपाटात, ऑफिसच्या नाही, अध्यक्षांच्या घरच्या. तुमचा एवढासा डेटा, हे सगळं करायला फार पैसे लागत नाही.

आणि बॅकअप परत आणून पाहायचा. हे कोणी करत नाही. तीन महिन्यातून एकदा तो बॅकअप एका नव्या रिकाम्या डेटाबेसमधे उतरवायचा, दहा पावत्या कागदासोबत जुळवायच्या, किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं, आणि मग तो डेटाबेस पुसून टाकायचा. त्याआधी संचालकांना बसवून दोन प्रश्न विचार: किती वेळाचा हिशोब गेला तर आपण परत लिहू शकतो, एक तासाचा का एक दिवसाचा? अन् किती वेळ बंद राहिलं तर चालते, दोन तास का दोन दिवस? हे ठरवणं तुझं काम नाही, त्यांचं आहे, आणि त्यांच्या उत्तरावर सगळा खर्च अवलंबून आहे. कोटेशनवाल्यांनी हे दोन प्रश्न तुम्हाला विचारले का? तुझ्या पत्रावरून तरी वाटत नाही.

आता नेटचं, हा तुझा सगळ्यात खरा प्रश्न. नेट नाही म्हणून क्लाउड नाही असं नाही, पण नेट नाही म्हणून काटा थांबला असंही चालणार नाही, बाहेर ट्रॅक्टरांची लाईन लागलेली असते. तर काट्यावरच्या कॉम्प्युटरवर पावती आधी तिथंच लिहिली गेली पायजे, ब्राऊझरमधेही साठवता येते किंवा छोटा लोकल डेटाबेस असते, अन् नेट आलं की ती वर जाते. ऐकायला सोपं आहे पण दोन ठिकाणी फसते. पहिलं असं की पावती वर गेली, सर्व्हरनं लिहूनही घेतली, पण झाली असं उत्तर खाली यायच्या आत नेट गेलं. मग काट्यावरच्या कॉम्प्युटरला वाटते गेली नाही, तो परत पाठवते, अन् एकाच मालाच्या दोन पावत्या, म्हणजे दोनदा चुकारा. याचा इलाज म्हणजे प्रत्येक पावतीला नंबर काट्यावरच द्यायचा, सर्व्हरवर नाही, काटा एकची पावती एकच्या सीरिजमधे, काटा दोनची दोनच्या, आणि डेटाबेसला सांगून ठेवायचं की हा नंबर एकदाच. मग ती पावती दहा वेळा आली तरी सर्व्हर म्हणते आहे माझ्याकडं, आणि पुढं जाते. दुसरं असं की दोन ठिकाणी एकच पावती बदलली तर खरी कोणती? माझं मत आहे की पावती बदलूच नये, चुकली तर रद्दची नोंद करायची आणि नवी काढायची, जुनी तशीच दिसत राहील. याचा एक मोठा फायदा तुमच्या त्या वादांना होईल, कोणी मागून आकडा फिरवला असं म्हणायला जागाच राहत नाही.

ॲप बनवणाऱ्यासमोर तू स्वतः हे करून पाय: नेटची वायर काढ, पाच पावत्या बनव, कॉम्प्युटर बंद करून चालू कर, वायर लाव, अन् पाय वर पाचच गेल्या का. हे ज्याच्या सॉफ्टवेअरमधे जमते तो खरा. आणि काट्याजवळ यूपीएस अन् नीट अर्थिंग, ते क्लाउड देत नाही.

कोण काय सांभाळते याची वाटणीही समजून घे. नुसतं भाड्याचं मशीन घेतलं, ज्याला आयएएएस म्हणतात, तर इमारत, लाईट, हार्डवेअर त्यांचं, पण ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉल, डेटाबेस सगळं तुझं. पीएएएस घेतलं तर तू फक्त तुझा कोड अन् डेटा पाय, मशीन ते पाहतात. एसएएएस म्हणजे तयार सॉफ्टवेअर, जीमेलसारखं, लॉगिन करायचं अन् वापरायचं. पण तिन्हीत पासवर्ड कोणाला दिला अन् डेटा कोणाला दिसते ही जबाबदारी तुमचीच राहते, ती कोणीच घेत नाही. अन् एक सांगू का, शेतकरी कंपन्यांसाठी खरेदी-चुकाऱ्याचं तयार सॉफ्टवेअर तुमच्या कामात बसत असेल अन् त्यातून सगळा डेटा एक्सेलमधे कधीही काढून घेता येत असेल तर ते आधी पाय, स्वतःचं बांधायची हौस मागून करता येते.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते पण हलक्यात घेऊ नको, तुमच्याकडं सहाशे घरांचे आधार अन् खाते नंबर आहेत आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ती जोखीम कंपनीच्या अंगावर येते. डेटाबेस खाजगी नेटवर्कमधे पायजे, बाहेरच्या इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत पोचताच येऊ नये, फक्त ॲप सर्व्हरला पोचता यावं. पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार; बाहेर उघडा फक्त ४४३ नंबरचा, एचटीटीपीएसचा, अन् ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचा, असलाच तर तो तिकडं वळवायला. २२ नंबरचा पोर्ट, ज्यातून लांबून मशीनमधे लॉगिन करतात, सगळ्या जगाला उघडा ठेवला की काही मिनिटात कुठून कुठून पासवर्ड मारून पाहणं सुरू होते. मुख्य अकाउंटला मोबाईलवरच्या कोडचं दुसरं कुलूप, अन् ते अकाउंट रोजच्या कामाला वापरायचंच नाही, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, काट्यावरच्या पोराला फक्त पावती बनवता यावी, चुकारे दिसूही नये. आणि क्लाउडच्या चाव्या कोडमधे लिहून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकू नको, त्या शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात, रातोरात तुझ्या नावावर शंभर मशीन उभ्या करतात.

बिल. वापरलं तेवढंच द्यायचं हे खरं, पण बंद केलेल्या मशीनची डिस्क बिल खात राहते हे लोकांना उशिरा कळते. डेटा आत टाकायला सहसा पैसे नाही, बाहेर काढायला आहेत. अमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर, म्हणजे नेहमीच्या जुन्या प्रकारच्या आयपी पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेते, लहान वाटते पण महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर होतात, वर जीएसटी. पहिल्या दिवशी बजेट अलर्ट लाव, अन् हे ध्यानात ठेव की अलर्ट फक्त मेल पाठवते, मशीन बंद करत नाही.

आता दुसऱ्या कोटेशनमधली जी ओळ वाचून मला खरंच काळजी वाटली ती: अकाउंट आमच्या नावावर राहील. हे कोणत्याही भावात मान्य करू नका. क्लाउडचं अकाउंट, त्याचा मुख्य ईमेल अन् वेबसाइटचं नाव या तिन्ही गोष्टी कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर, तुझ्याही वैयक्तिक ईमेलवर नाही, कारण उद्या तू पुण्याला गेला तर? बनवणाऱ्याला त्या अकाउंटमधे काम करायची परवानगी द्यायची अन् काम झालं की काढून घ्यायची. उद्या त्याच्यासोबत बिनसलं, त्यानं धंदा बंद केला, फोन उचलला नाही, तर तुमचा सगळा हिशोब त्याच्या हातात राहील आणि तेव्हा कितीही चांगलं आर्किटेक्चर कामाचं नाही. मी हे आपल्याकडच्या संस्थांत होताना पाहिलं आहे, म्हणून एवढं ओरडून सांगते.

म्हणजे दोन्हीतलं एकही नाही. दोघांनाही परत बोलव, अन् हे माग: मुंबई रीजन, ॲपसाठी एक लहान मशीन, मॅनेज्ड डेटाबेस सगळ्यात लहान, फायलींना ऑब्जेक्ट स्टोअरेज, रात्रीची प्रत हैदराबादला, काट्यावर ऑफलाईन, अकाउंट कंपनीचं. ॲप मात्र स्टेटलेस बनव म्हणून लिहून घे, म्हणजे सभासद दोन हजार झाले अन् तीन काटे झाले की तेव्हा लोड बॅलन्सर अन् दुसरा झोन जोडता येईल, तोडफोड न करता.

राहिला कोर्स. नोकरी लावून देतो असं म्हणणाऱ्याला ऐंशी हजार आगाऊ देऊ नको, कर्ज काढून तर अजिबात नाही. अमेझॉनची सुरुवातीची क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा १०० डॉलरची आहे अन् सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरची, दोन्ही घरून अभ्यास करून देता येतात. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाईन शिकवणीवर आयआयटी खरगपूरचा क्लाउड कम्प्युटिंगचा कोर्स आहे, शिकायला फुकट. पण त्याच्याही आधी लिनक्सची कमांड लाईन, आयपी-सबनेट-पोर्ट, डीएनएस अन् साधं एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, हे चार पक्के कर, कारण क्लाउडमधे काही अडलं की दहातल्या आठ वेळा ते यातल्याच एखाद्यात अडलेलं असते. कंपनीचं हे काम तू स्वतः उभं केलं, बॅकअप परत आणून दाखवला, अन् काहून असं बांधलं ते चार पानात लिहून ठेवलं, तर इंटरव्ह्यूत तुझ्याजवळ सांगायला असं काही असेल जे ऐंशी हजाराच्या कोर्समधल्या पोरांजवळ नसते.

घाई एकाच गोष्टीची आहे. सोयाबीन यायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या निदान महिनाभर आधी हे चालू व्हायला पायजे, अन् पहिला सीझन कागदी पावती बंद करू नका, दोन्ही सोबत चालवा अन् रोज संध्याकाळी बेरीज जुळवा. कागदावर पावतीचा रस्ता काढला की त्याचा फोटो पाठव, कुठं काही सुटलं असेल तर मी त्यावर खुणा करून परत पाठवते.